गुरुवारची कोंबडी

मुंबईची थंडी म्हणजे तशी चेष्टाच. कपाटातला स्वेटर काढून त्याला ऊन दाखवेपर्यंत ती संपलेली असते. पण ज्याची छाती आधीच खिळखिळी झाली आहे, त्याला तेवढीही पुरते. दिवाळीनंतर बाबांना न्यूमोनिया झाला, बरा झाला आणि पुन्हा झाला. डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीमागे टॉवरचं काम चालू होतं. त्याची धूळ रोज पुसायची आणि रोज बसायची. बाबा खोकत होते आणि खात नव्हते. पेजेचे दोन घोट घेतले की वाटी बाजूला.

मी लग्न होऊन शीवला राहते. तेव्हा ऑफिसच्या आधी आणि नंतर माहेरी फेरी मारायचे, आणि दर वेळी बाबा आदल्या वेळेपेक्षा कमी दिसायचे. प्रोटीन पावडरचा डबा आणला, तर म्हणाले, खडू खाल्ल्यासारखं लागतं. अंडं उकडलं, तर वासानेच उमासे. मी चिडायचे, समजवायचे, पुन्हा चिडायचे. पालथ्या घड्यावर पाणी.

त्या गुरुवारी सकाळी गॅलरीच्या टोकाला संडासाकडे जाताना बाबा कोसळले. शेजाऱ्यांनी उचलून आणलं. खालचे डॉक्टर वर येऊन तपासून गेले आणि जाताना मला जिन्यापाशी म्हणाले, "अंगात ताकदच नसेल तर औषध कशाच्या जोरावर काम करणार? उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर ॲडमिट करा. आणि खरं सांगू, या अवस्थेत ॲडमिट केलं तर ते परत घरी येतील याची खात्री मी देणार नाही. गावठी कोंबडीचं सूप देऊन बघा. आवडत असेल ना त्यांना?"

आवडत असेल? माझे बाबा मालवणी आहेत. घोडं अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी.

मार्गशीर्ष चालू होता. आई मार्गशीर्षातले लक्ष्मीचे गुरुवार करते. सकाळी घट मांडते, पोथी वाचते, आणि तो अख्खा महिना आमच्या घरात मासळी-मटण येत नाही. बाबांची गिरणी बंद पडली त्या वर्षी तिने हे व्रत धरलं. त्यानंतर आम्ही कधी उपाशी झोपलो नाही, याचं श्रेय ती देवीला देते. तिने स्वतः वर्षानुवर्षं लोकांचे डबे केले, त्याला देत नाही. या वर्षी तिने देवीपाशी बाबांचा जीव मागितला होता.

मी कोंबडीचं नाव काढलं तेव्हा ती घटासमोरून उठलीसुद्धा नाही.

"आज ह्या घरात कोंबडी शिजूची नाय."

"आई, ते मरतील."

"म्हणानच सांगतंय. आज व्रत मोडला तर नक्की मरतले."

आम्हा दोघींना भीती एकाच गोष्टीची होती आणि त्यावरूनच आम्ही एकमेकींवर ओरडत होतो. बाबा खाटेवर डोळे मिटून पडले होते. मी देवीला नको ते बोलले. आईने कानांवर हात ठेवले. मग ती म्हणाली, "भायर शिजव. माझी भांडी घेव नको. उंबऱ्याच्या आत आणूचा नाय." आणि मग बाबांना द्यायचं कसं, असं विचारलं तर तिने पोथी उघडली.

मी बाजारात जाऊन कोंबडी कापून आणली. शेजारच्या काकूंनी विजेची शेगडी आणि एक पातेलं दिलं, वायर त्यांच्याच खोलीतून ओढली. घट त्यांच्याकडेही होता. "पातेलं परत आणू नकोस, बाबांनाच राहू दे," एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. मी गॅलरीत फतकल मारली आणि मोबाईलमध्ये बघून गाजर, फरसबी चिरायला घेतली.

आई आतून उघड्या दाराच्या चौकटीला पाठ लावून बसली होती. हातात तांदळाचं ताट, निवडायचं निमित्त.

"गाजरां कोणाक? सशाक?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

गाजरं बाजूला गेली. कांदा, आलं, लसूण, दोन लवंगा, हळद. "कांदो अजून कच्चो आसा, वास येता." मी परतत राहिले. "आता कोंबडी घाल. पाणी ऊन घाल, थंड घातलंस तर मटण चिवट जातला." मी ऊन पाणी घातलं. "मिरी आता नको. उतरताना कुटून घाल." गावठी कोंबडी शिजता शिजत नव्हती. येणारेजाणारे कपडे सावरून पातेल्याला वळसा घालत होते. मला त्या कोंबडीचा, त्या घटाचा, आईचा, सगळ्यांचाच राग येत होता. त्याच्या तळाशी नुसती भीती होती. मी गॅलरीत बसून सगळ्यांदेखत रडले.

दिवेलागणीला रस्सा गाळून वाटीत घेतला, थोडं मटण मोकळं करून त्यात घातलं आणि उंबऱ्यापाशी उभी राहिले. एका अंगाला घट, दुसऱ्या अंगाला बाबांची खाट, मध्ये जेमतेम चालण्यापुरती जागा. "मी आत येतेय," मी म्हणाले.

उत्तर दिलं ते बाबांनी. "आज गुरुवार मा?"

"हो बाबा, पण डॉक्टरांनी सांगितलंय."

"तिचो उपास आसा. माका नको."

मी समजावलं, हात जोडले. त्यांनी मान भिंतीकडे वळवली. "ती पाळता तेव्हा मी कधी खाल्लेला नाय. आता मरताना खाव?"

मासळीशिवाय ज्याचा घास उतरत नाही असा माणूस दर मार्गशीर्षात डाळभात खायचा, आणि मला लहानपणापासून वाटायचं की ते देवीला घाबरतात. दिवसभर मी देवीशी भांडले. या माणसाला कोणी विचारलंच नव्हतं.

आई उठली. उंबरा ओलांडून बाहेर आली, माझ्या हातातली वाटी घेतली आणि उभ्या उभ्याच तोंडाला लावून एक मोठा घोट घेतला.

"मीठ कमी आसा," ती म्हणाली.

मी मीठ घातलं. ती वाटी घेऊन घटासमोरून आत गेली आणि खाटेच्या कडेला टेकली. "मी खाल्लंय. आता तुमी खावा."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तोंड उघडलं. ती चमच्याने भरवत होती आणि ते गिळत होते. मधे खोकला आला, थांबले, पुन्हा तोंड उघडलं. वाटी संपली तेव्हा त्यांनी अजून आहे का विचारलं.

मी दुसरी वाटी भरून आणेपर्यंत आई मोरीत अंगावर पाणी घेऊन, लुगडं बदलून घटासमोर बसली होती. नैवेद्याचं ताट तसंच झाकलेलं होतं. ती मोठ्याने बोलत होती, समोर कोणी माणूस बसलंय तसं. "मोडला ता मी मोडलंय. ह्येंका काय करू नको. काय घेवचा ता माझ्याकडसून घे."

बाबांना दुसरी वाटी भरवून झाल्यावर मी तिच्या मागे जाऊन बसले. माझ्या हातांना कोंबडीचा वास येत होता, तसेच जोडले. आयुष्यात पहिल्यांदाच मी देवीकडे काही मागितलं. म्हटलं, हिचं ऐकू नकोस.