एक बाही शिवून झाली होती

सासूबाई गेल्याचं मला हॉस्पिटलात कळलं. धाकट्या नंदाला तपासायला नेलं होतं, बाकड्यावर नंबरची वाट बघत बसले होते, तर शेजारचे तावडेभाऊजी धावत येताना दिसले. वाटलं, घरी सुरेशला काहीतरी झालं. ते म्हणाले, वहिनी, तुमच्या सासूबाई... आणि मला क्षणभर बरं वाटलं. खरं सांगते. पोरगा नाही ना, एवढंच मनात आलं. आता सव्वा महिना झाला, ते बरं वाटणं अजून टोचतं.

माझ्या दोन्ही मुलांचे ओठ आणि टाळू जन्मापासून फाटलेले. सुरेश सहा वर्षांचा, त्याची तीन ऑपरेशनं झाली. नंदा दीड वर्षाची, तिचा ओठ शिवला, टाळू बाकी आहे. दोघांनाही अंगावर ओढता यायचं नाही, दूध नाकातून बाहेर यायचं, मी नुसती रडत बसायची आणि सासूबाई पोराला मांडीवर उभं धरून बोंडल्याने थेंब थेंब पाजायच्या, तास लागला तरी. आमच्या मुलुंडच्या चाळीत बायका म्हणायच्या, हिने पोटुशी असताना ग्रहणात विळी धरली असणार. सासूबाई नळावर जाऊन सांगून आल्या की त्या दिवशी विळी माझ्याकडे होती, काय ते मला विचारा.

टाळू शिवली की पोराने तोंडात बोट घालायचं नाही, टाके तुटतात. म्हणून कोपर वाकू नये अशा बाह्या हातांत घालायच्या. त्या सासूबाई शिवायच्या, आपल्या जुन्या लुगड्याच्या, आत लग्नपत्रिकांचे पुठ्ठे घालून. चाळीत लग्न ठरलं की म्हणायच्या, पत्रिका जाड छापा रे.

आता खरं लिहायचं ते लिहिते.

सुरेश दीड वर्षाचा होता, टाळूच्या ऑपरेशनचा दिवस. त्याला पाणीसुद्धा द्यायचं नव्हतं. तो रडून रडून निळा पडायला लागला, हे औषधं आणायला खाली गेलेले, आणि मी पिशवीतलं बिस्कीट त्याच्या तोंडात दिलं. अर्धंच. मला वाटलं अर्ध्याने काय होतंय. सिस्टरने न्यायला आल्यावर हनुवटीवरचा चुरा बघितला. ती ओरडली, भूल दिल्यावर बिस्कीट छातीत उतरलं असतं तर पोर गेलं असतं, कोणी दिलं? हे पण तेवढ्यात आले. माझी जीभ उचलेना. आणि सासूबाई पुढे झाल्या.

"मीच दिलंय. पोरगो रडत होतो, माका बघवला नाय."

ऑपरेशन तीन महिने पुढे गेलं. हे सगळ्या वॉर्डासमोर आईला नको नको ते बोलले. त्यानंतर प्रत्येक ऑपरेशनला त्यांना खाली गेटजवळ बसवायचे, वर यायचं नाही म्हणायचे. त्या बसायच्या. पोराला पहिला चमचा पाणी दिलं असं मी खाली येऊन सांगेपर्यंत स्वतः घोटभर चहा घेत नव्हत्या. मी दर वेळी जिना उतरताना ठरवायची, आज ह्यांना सांगते. नाही सांगितलं.

एकदाच त्यांचे पाय धरले, तर भांडी घासता घासता म्हणाल्या, "तू त्यांची आवस. तुझ्यावर इस्वास रवाक होयो. माझ्यावर नाय रवलो तरी चलात." म्हणजे आईवरचा विश्वास टिकायला हवा, त्यांच्यावरचा नसला तरी चालेल.

येत्या मंगळवारी नंदाला अ‍ॅडमिट करायचं आहे. परवा ट्रंकेत लुगडं शोधताना बाह्या सापडल्या. एक शिवून पूर्ण झालेली, दुसरी अर्धी, सुई तशीच टोचून ठेवलेली. ह्यांनी त्या हातात घेतल्या, म्हणाले, आईला वर येऊ द्यायला पाहिजे होतं गं, एकदा तरी. मी पदर तोंडात कोंबून मोरीत गेले.

मी सातवीपर्यंत शिकलेय, चुका असतील. हा कागद तुमच्या मासिकाला पाठवायला पाकिटात घालायच्या आधी ह्यांच्या हातात देणार आहे, मंगळवारच्या आत. मग ते मला गेटजवळ बसवू देत.

दुसरी बाही मी पुरी करतेय. सुई काढली नाही, त्यांनी टोचली होती तिथूनच पुढे टाके घालतेय. त्यांचा टाका बारीक, माझा वाकडा येतोय...