रेमेदबाई माफ करायला निघाल्या

एक्क्याण्णव सालची गोष्ट. मुलाच्या लग्नात कम्युनियनचा प्रसाद घ्यायचा तर आधी पापांची कबुली द्यायला हवी, म्हणून पनवेलच्या रेमेदबाई कन्फेशनला गेल्या. आपल्या मसाल्याला नावं ठेवणाऱ्या जावेशी, लुसीशी, अबोला धरल्याचं पाप त्यांनी सांगितलं. फादर म्हणाले, "आधी समेट करा, मग या."

बाईंनी लुसीच्या दारातूनच आरोळी ठोकली, "लुसी, तुला माफ केलं गो!"

"मला? मी काय केलंय?"

"सगळं सांगू?"

मग अशी जुंपली, की भाकऱ्या करपल्या तरी आमच्या आळीतल्या बायका हलल्या नाहीत. मी तर ओट्यावर ऐसपैस बसूनच ऐकलं.

संध्याकाळी बाई वाढीव पाप घेऊन चर्चमध्ये आल्या, तर रांगेत लुसी आधीच बसलेली.

"तूच जा पुढं, तुला वेळ लागंल."

"नाय, तुमीच जावा. आपल्या पोराचं लगीन हाय."

आत जाऊन बाई म्हणे फादरना जावेचं कौतुकच सांगत बसल्या.