फीत कापेपर्यंत

आमच्या शाळेत कुठलीही नवी वस्तू आली की ती आधी मुख्याध्यापकांच्या खोलीत जाते आणि तिथेच मुक्काम करते. संगणक आले तेव्हा ते सगळा पावसाळा चादरीखाली होते. पाण्याचा फिल्टर आला, तर त्याच्या तोटीला फुगे बांधून ठेवले होते आणि मुलं शेजारच्या जुन्या टाकीचंच पाणी पीत होती. उद्घाटन व्हायचं होतं ना. आधीच वापरलेल्या वस्तूची फीत पाहुण्यांनी कशी कापायची, असा मुख्याध्यापकांचा सवाल असे. मी विज्ञान शिकवते, त्यामुळे या सवालाला माझ्याकडे कधीच उत्तर नव्हतं.

मी राहते भिसेगावात आणि शाळा पळसदरीच्या पुढे, खालापूरच्या अंगाला. चार वर्गखोल्या, एक प्रयोगशाळा, आणि त्या प्रयोगशाळेत शाळा सुटल्यावर चालणारा आमचा रोबोटचा उद्योग. रोबोट म्हटलं की लोकांना हातपाय असलेला माणूस दिसतो. आमचा रोबोट म्हणजे चाकं लावलेला पाट होता. खोपोलीच्या भंगारवाल्याकडून गाड्यांच्या काचा पुसणाऱ्या वायपरच्या मोटर आणल्या होत्या, सायकलची साखळी आणि दातेरी चाकं बसवली होती. हे सगळं जुळवलं होतं दहावीतल्या एका मुलीनं. बाकीची मुलं मदतीला होती, पण चाकं फिरवणारा भाग तिचा. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे.

तो पाट डावीकडे ओढायचा. सरळ सोडला तरी भिंतीकडे निघायचा. तिनं आधी दोष फरशीवर ढकलला, की बाई, फरशीलाच उतार आहे. मी म्हटलं, ‘नाचता येईना अंगण वाकडं.’ ती हसली नाही. तिनं पाट उचलला, उलट्या तोंडाला ठेवला आणि परत सोडला. म्हणाली, ‘फरशीला उतार असता तर आता उजवीकडे गेला असता. आताही डावीकडेच जातो, म्हणजे दोष माझ्या साखळीत आहे.’ आणि साखळी काढायला बसली. मी इतकी वर्षं शिकवते आहे, पण स्वतःची चूक अशी पुराव्यानिशी पकडणारं मूल मी फार कमी पाहिलं. त्या उलटसुलट चाचणीचा व्हिडिओ मी मोबाइलवर काढून ठेवला. मला तो कुणाला तरी दाखवावासा वाटत होता.

तिच्या वडिलांची थोडी भातशेती आहे आणि एक टेंपो. शनिवार-रविवारी धरणाकडच्या बंगल्यांवर पाहुणे येतात, त्यांच्या गाद्या, खुर्च्या, सिलिंडर ते पोचवतात. पालकसभेला ते आले ते भरलेला टेंपो बाहेर उभा करूनच. मुलीला दहावीनंतर मेकॅनिकलचा डिप्लोमा करायचा होता आणि घरात त्यावरून घोडं अडलं होतं.

‘बाई, आमाला त्यातलं काय कळत नाय,’ ते म्हणाले. ‘माझा भाऊ म्हणतो, कर्जतला आर्टसला घाल, घरापासून जवळ हाय, पुढं लग्नाला पण बरं पडतं. पोरगी ऐकत नाय. मी काय म्हणतो, तिला खरंच काय येतं का, ते मला एकदा डोळ्यानं बघू दे. बघितलं तर मी कोणाच्या बापाचं ऐकणार नाय.’

मी म्हटलं, आत्ताच चला, प्रयोगशाळेत दाखवते. ते म्हणाले, माल उन्हात हाय. मग मी सुचवलं की जानेवारीत रोबोटची स्पर्धा आहे, तुमच्याच टेंपोतून मशीन न्यायची, म्हणजे तुमचं येणंही होईल. त्यावर ते लगेच तयार झाले. नुसतं बघायला येणं त्यांना जमलं नसतं, कामाला येणं जमत होतं. तर एवढंच ठरलं होतं. तिनं स्वतः केलेलं काहीतरी त्यांना दिसायला हवं होतं, आणि ते त्या एका दिवशी दिसायचं होतं.

त्याच श्रावणात मोहोपाड्याकडच्या एका कारखान्यानं शाळेला भेट दिली. एक मोठा खोका. आत रोबोटचा तयार सांगाडा, मोटर, गिअर, चाकं, सगळं एकमेकांत बसणारं. स्पर्धेच्या नियमांत असे तयार भाग चालत होते. मला स्वच्छ आनंद झाला. तयार चाकं देण्यात वाईट काहीच नाही. ती देतात ती एवढ्याचसाठी, की मुलांचा सगळा वेळ गाडी चालती करण्यात जाऊ नये, गाडीवर काय बसवायचं, स्पर्धेतला चेंडू कसा उचलायचा, तो टोपलीत कसा टाकायचा, यात जावा. खरी करामत वरच्या भागाची. आमच्या या दहावीतल्या मुलीला तर हे वरदान होतं. साखळीच्या जाचातून सुटून तिला डोकं चालवायला पाच महिने मिळणार होते.

खोका मुख्याध्यापकांच्या खोलीत गेला. त्याला लाल फीत बांधली गेली.

कारखान्याचे साहेब गणपतीत गावी गेले. मग पितृपक्ष लागला, त्यात शुभकार्य नको. दसऱ्याला पूजेत त्या बंद खोक्यालाही झेंडूची माळ पडली आणि मुलांनी त्याला नमस्कार केला. दिवाळीची सुट्टी झाली. मुख्याध्यापकांना साहेबांच्या जोडीला गावातला एक पुढारीही हवा होता, तर निवडणुकीची आचारसंहिता लागली. मी दर आठवड्याला त्या खोलीत जायचे. निदान उघडून मापं तरी घेऊ द्या, म्हटलं. ते म्हणाले, ‘मॅडम, फीत एकदा सोडली की परत तशी बसत नाही.’ त्यांचा स्वर इतका समजूतदार असायचा की भांडायलाही जागा राहायची नाही. मधल्या काळात प्रयोगशाळेतलं टेबल पाहुण्यांच्या सत्कारासाठी मोकळं केलं, तेव्हा आमचा जुना पाट शिपायानं त्यांच्या हुकमावरून भंगारात घातला. नवीन आलंय ना आता, म्हणाले. हातचं सोडून पळत्याच्या पाठी म्हणतात, पण आमचं पळतं तर पळतही नव्हतं. ते कपाटाशेजारी बसून होतं आणि त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून ओल्या फडक्यानं पुसलं जात होतं.

त्या दिवशी ती रडली. मी तिला म्हटलं, चल, आपण वरचा भाग तरी करू. पण खालची गाडी केवढी, हे कळल्याशिवाय वरचा हात करणार कसा? त्यावर तिनं काढलेला मार्ग मला अजून आठवतो. खोक्यावर गाडीचं रंगीत चित्र होतं. गाडीशेजारी एक गोरा मुलगा बसला होता आणि त्याचा तळहात चाकावर होता. तिनं वर्गातल्या सगळ्या मुलग्यांचे तळहात मोजले, सरासरी काढली आणि त्या तळहाताच्या हिशोबानं चित्रातल्या गाडीची लांबी-रुंदी ठरवली. मुख्याध्यापकांच्या दारात उभी राहून ती पट्टी लांबूनच एक डोळा मिटून धरायची. आत गेलं तर ते विचारायचे, काय काम आहे. खिडक्यांच्या उरलेल्या अॅल्युमिनियम पट्ट्यांपासून तिनं चेंडू उचलणारा हात केला, खाली-वर होणारा, पुढे पंजासारखा. मोटर खोक्यात होत्या, म्हणून त्यांच्यापुरती जागा सोडली. सुंदर हात होता तो. मी त्याच्यावरून बोट फिरवलं तर एकही कड बोचली नाही.

उद्घाटन एकदाचं झालं, स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात. वरातीमागून घोडं. साहेब आले, पायरीवर नारळ फुटला, फीत कापली, भाषणात विद्यार्थ्यांच्या कल्पकतेला वाव मिळेल असं सांगितलं गेलं. फोटो झाले. मग खोका आमच्या ताब्यात आला आणि आम्ही तो उघडला.

गाडी चित्रापेक्षा बरीच लहान होती. खोक्याच्या तळाला बारीक अक्षरांत लिहिलं होतं की चित्र नमुन्यादाखल आहे. तळ आम्ही कुणी पाहिला नव्हता, खोका हलवायचीच परवानगी नव्हती. तिनं तो पंजाचा हात गाडीवर ठेवून पाहिला. गाडी पुढे कलंडली. तिनं तो मागे सरकवून पाहिला, तर तो नियमात बसणाऱ्या मापाच्या बाहेर गेला. कापला तर पंजा खालपर्यंत पोचत नव्हता. दहावीची सराव परीक्षा चालू होती, नवीन हात करायला वेळ कुठला? तिनं तो काढला आणि भिंतीला टेकवून ठेवला.

तयार गाडी मात्र एका दुपारीच जोडून झाली. सोबतच्या कागदावर चित्रं होती, त्याप्रमाणे स्क्रू आवळत गेलं की झालं. सोडली तर दोरी लावल्यासारखी सरळ गेली. एक मुलगा म्हणाला, ‘बाई, ही तर लगेच झाली.’ कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. शेवटी प्लॅस्टिकचा क्रेट कापून त्याची एक पट्टी पुढे बांधली, चेंडू निदान ढकलता यावेत म्हणून.

स्पर्धा खालापूरकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात होती. बाकीची मुलं एका पालकाच्या गाडीतून आली, मशीन आणि आम्ही टेंपोतून. सभागृहात बहुतेक शाळांची गाडी आमच्यासारखीच होती, तीच चाकं, तोच सांगाडा. पण त्यांच्या गाड्यांवर काय काय उभं होतं. कुणाची शिडी, कुणाची गिरकी घेणारी टोपली, कुणाचा चेंडू गिळणारा जबडा. आमच्या गाडीवर काही नव्हतं. ती अंगणातल्या खराट्यासारखी चेंडू कोपऱ्यात लोटत राहिली. मुलगी चालवत होती उत्तम. पण सरळ जाणारी गाडी सरळ चालवण्यात लोकांना काय दिसणार?

खेळ झाल्यावर परीक्षक टेबलाशी आले. तरुण होते, बोलणं प्रेमळ. गाडीकडे पाहून त्यांनी विचारलं, ‘यात तुम्ही स्वतः काय बनवलंत?’ वडील मागेच उभे होते, इस्त्रीच्या शर्टात.

ती म्हणाली, ‘काही नाही सर. जोडलं.’

मला वाटत होतं, तिनं हाताबद्दल सांगावं, तळहातांबद्दल सांगावं. मी बोलायला तोंड उघडलं, तर परीक्षक हसून म्हणाले, ‘मॅडम, मुलांना बोलू द्या.’ त्यांचंही बरोबरच होतं. जे टेबलावर नाही त्याचं श्रेय मागणं तिच्या स्वभावात नव्हतं. मला तिचा राग आला आणि तिचा अभिमानही वाटला, आणि दोन्हीचा काही उपयोग नव्हता.

परतताना ती मशीन धरून मागे बसली. मी पुढे, वडिलांशेजारी. मी मोबाइल काढून त्यांना जुन्या पाटाचा तो व्हिडिओ दाखवला. त्यांनी टेंपो कडेला घेतला आणि नीट पाहिला, परत एकदा लावायला सांगितला.

‘ही वाकडी चालते,’ ते म्हणाले.

मी समजावू लागले, की वाकडी का चालते हे तिनं कसं शोधलं तेच तर बघण्यासारखं आहे. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

‘बाई, तुमी म्हणता ते आसंल. पण विकतची सरळ चालते, आणि ती पोरीनं केली नाय. केली ती वाकडी चालते. मग ह्यात शिकायचं काय?’ थोडं पुढे गेल्यावर ते आपणहून म्हणाले, ‘एक सांगू? मी हो म्हणायच्या तयारीनं आलो होतो. तिच्या आईला सांगून आलो होतो. भावाला काय बोलायचं ते पण ठरवलं होतं. निस्तं काय तरी दिसायला पायजे होतं.’

खोपोलीत त्यांनी थांबून सगळ्यांना वडापाव घेतला. मुलीला आधी दिला. ‘खा गं, दमलीस,’ म्हणाले. त्यांच्या आवाजात माया होती, आणि सुटल्यासारखंही काहीतरी होतं. ते सुटल्यासारखं मला सहन होईना.

निकालानंतर मी त्यांच्या घरी खेपा घातल्या. तिला मार्क चांगले पडले होते. दर वेळी चहा व्हायचा, आदरानं बसवायचे, आणि दर वेळी बोलणं तिथंच यायचं. मुख्याध्यापकांना मी बरोबर या म्हटलं, तर ते म्हणाले की पालकांच्या निर्णयात शाळेनं पडू नये. शेवटच्या खेपेला तिच्या वडिलांनी हात जोडले. ‘बाई, आता तुमीच सांगा तिला. आमी सांगितलं तर तिला वाटंल बंदी केली. तुमचं ती मानते.’ मी म्हटलं, हे माझ्याकडून होणार नाही.

जूनच्या अखेरीला ती दाखला न्यायला शाळेत आली. डिप्लोमाचे अर्ज भरायची मुदत संपली होती, हे तिला ठाऊक होतं की नाही कोण जाणे. व्हरांड्यात मला गाठून तिनं विचारलं, ‘बाई, बाबा तुम्हाला काही बोलले का?’ मी तिला प्रयोगशाळेत नेलं, बसवलं आणि सांगितलं. शब्द जुळवून, चांगल्या शिक्षिकेसारखं सांगितलं, की आर्टसमधूनही पुढे खूप काही करता येतं.

तिनं मान हलवली. आजवर मी काहीही सांगितलं की ती विचारायची, कशावरून. त्या दिवशी नाही विचारलं.