चेंडू लागला होता का

काठी अजून दाराच्या मागे उभी आहे. भेटायला येणारी माणसं चपला काढताना तिच्याकडे बघतात. हे गेल्यावर पहिले काही दिवस कोणी काही विचारलं नाही. आता मात्र रोज कोणीतरी विचारतं, "ही कसली हो काठी? त्यांची का?" मी हो म्हणते. गोल्फची आहे असं सांगितलं की माणसं गप्प होतात. गिरणीतला जॉबर आणि गोल्फ! दुःखाने माझं डोकं फिरलं असावं, असा भाव त्यांच्या तोंडावर दिसतो. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते. मला लिहायला वेळ लागतो. रोज सकाळी अर्धं पान होतं, कधी तेवढंही नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. आम्ही नायगावला चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवत होते आणि हे परळच्या एका गिरणीत साचेखात्यात जॉबर, म्हणजे साच्यांची देखभाल करणारे मुकादम, होते. साचा म्हणजे कापड विणायचा माग. असे शेकडो साचे एका छपराखाली दिवसभर खडखडत. त्या आवाजाने ह्यांचे कान पस्तिशीच्या आतच गेले. डावा पूर्ण, उजवा बराचसा. मी मुळात हळू बोलणारी. लग्न ठरवताना ही गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती. पहिलं वर्षभर आमचं फारसं बोलणंच झालं नाही, आणि जोडपं फार समंजस आहे असा आमचा चाळीत लौकिक झाला.

कान गेले तरी ह्यांचं काम अडलं नाही. साच्यावर एक लाकडी दांडी धोट्याला फटका मारते आणि धोटा सूत घेऊन पलीकडे जातो. तो फटका नीट बसतो आहे की नाही, हे बाकीचे जॉबर कानाने ओळखत. हे साच्याच्या अंगावर तळहात टेकत, डोळे मिटत आणि सांगत, "सैल आहे." मग पाना फिरवत, पुन्हा हात टेकत, पुन्हा डोळे मिटत. "हां. बसला."

खात्याचा गोरा साहेब कायमचा विलायतेला निघाला तेव्हा त्याने आपलं सामान वाटून टाकलं. हेडक्लार्कला खुर्ची मिळाली, शिपायाला घोंगडीसारखा जाड कोट मिळाला, आणि ह्यांना ही काठी आणि एक पांढरा चेंडू. एकच चेंडू. देताना साहेबाने खुणांनी सांगितलं की चेंडूला फटका बरोबर बसला तर हाताला काही कळतसुद्धा नाही.

ह्यांना ते पटेना. घरी आल्यावर मला म्हणाले, "हाताला कळणार नाही असा फटका असतो काय गं?"

मी खांदे उडवले. सासूबाई मालवणहून आलेल्या होत्या, त्यांनी काठी उलटीपालटी करून बघितली. "ह्या काय आणलंस रे? गुरां राखूक?"

ह्यांना ऐकू आलं नाही. त्या आणखी मोठ्याने ओरडल्या, तेव्हा खालच्या मजल्यावरून आवाज आला, "कोणाची गुरं, म्हातारे?"

ते मामा. चाळीतले सगळे त्यांना मामा म्हणत, सख्खे मामा ते कोणाचेच नव्हते. वय पन्नासच्या पुढे, तरीही चाळीच्या मैदानात विटीदांडूचा निवाडा त्यांच्याशिवाय होत नसे. गोल्फ कसा खेळतात हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. मामांनी पाच मिनिटांत ठरवून टाकलं. काठी म्हणजे दांडू, चेंडू म्हणजे विटी, बाकी सगळे नियम तेच.

पुढच्या रविवारी सकाळी मैदानात खेळ सुरू झाला. मामांनी टाचेने छोटा खड्डा केला, चेंडू त्याच्या काठावर ठेवला आणि स्वतः वीस पावलांवर टोपी उलटी धरून झेल घ्यायला उभे राहिले. ह्यांनी डोळे मिटले, काठी उचलली आणि हाणली. चेंडू जागच्या जागी राहिला. मातीचं एक मोठं ढेकूळ मात्र उडालं आणि थेट मामांच्या टोपीत पडलं.

"झेल!" मामा ओरडले. "जॉबर आऊट!"

"मामा, ते ढेकूळ आहे," मी म्हटलं.

"दांडूला लागून उडालं ना? मी झेललं ना? मग आऊट."

दुसऱ्या डावात चेंडूला थोडा धक्का लागला. तो चार हात घरंगळला. मामांनी नियमाप्रमाणे काठीनेच अंतर मोजलं, "वकट, लेंड, मूंड," आणि मूंडावर, म्हणजे तीनवर, डाव संपवला. ह्यांच्या मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या होत्या. रात्री भात कालवताना हात थरथरत होता. मला म्हणाले, "साहेब खोटं बोलला. हाताला सगळं कळतं."

तरी त्यांनी सोडलं नाही. मला त्यांच्या स्वभावातली ही गोष्ट तोवर माहीत नव्हती. एखादा साचा सैल चालायला लागला की त्यांना जेवण जात नसे, तसं त्या चेंडूचं झालं. हाताला कळणार नाही असा एक फटका, आयुष्यात एकदा तरी, एवढंच त्यांना हवं होतं.

मी मला जमेल ती मदत केली, म्हणजे वाचनालयात गेले. जाड इंग्रजी ज्ञानकोशातून गोल्फची माहिती उतरवून आणली आणि संध्याकाळी जिन्यापाशी सगळ्यांना समजावून सांगितली. चेंडू लांब मारायचा, मग त्याच्या मागे चालत जायचं, पुन्हा मारायचा, आणि शेवटी तो एका भोकात घालायचा.

मामांनी सुपारी चघळायची थांबवली. "भोकात घालायचा?"

"हो."

"मग आधीच भोकाजवळ का नाही ठेवत?"

ह्याचं उत्तर ज्ञानकोशात नव्हतं. मामांनी सुपारी पुन्हा चघळायला घेतली. "साहेबाचं सगळंच उलटं. आपण खड्ड्यातून बाहेर मारतो, हे बाहेरून खड्ड्यात. म्हणूनच गेले परत."

त्याच सुमाराला मैदानात रोज सभा व्हायला लागल्या. संध्याकाळी माणसांची गर्दी, सकाळी व्यासपीठाचे बांबू. गोल्फला जागा उरली नाही. ह्यांनी ठरवलं की पहाटे दादरच्या समुद्रावर जायचं, ओहोटीला वाळू घट्ट असते. पण शहरात लाठ्याकाठ्या घेऊन फिरायला बंदी होती. मामा म्हणाले, "हे हत्यार घेऊन रस्त्यात दिसलास तर सरळ आत टाकतील. जॉबर गोल्फ खेळायला चालला होता, हे कोर्टात कोणाला पटणार?"

मला एक युक्ती सुचली. शाळेचा भिंतीवरचा मोठा नकाशा फाटला म्हणून मी चिकटवायला घरी आणला होता. काठी त्या नकाशात गुंडाळली. शिक्षिका नकाशा घेऊन चालली आहे, ह्यात कोणाला काय वाटणार?

एका हवालदाराला वाटलं. आम्ही प्रभादेवीच्या बाजूने किनाऱ्याकडे वळत होतो, तेवढ्यात त्याने हात आडवा केला.

"काय आहे त्यात?"

"नकाशा आहे. मी शिक्षिका आहे."

"पहाटे साडेपाचला? उघडा."

मी नकाशा उलगडला. काठी रस्त्यावर पडली आणि खणखणली. ह्यांना ते ऐकू आलं नाही, ते शांतपणे समुद्राकडे बघत राहिले.  हवालदाराने काठीकडे बघितलंच नाही. त्याने बॅटरीचा उजेड नकाशावर टाकला आणि खाली वाकला.

"मुंबई कुठाय ह्यात?"

मी बोट ठेवलं.

"ती मला पण माहीत आहे, बाई. कोणात आहे?"

"हा जुना इलाख्याचा नकाशा आहे. वर गुजरात, खाली धारवाड, सगळं एकत्रच आहे."

"म्हणजे चुकीचा."

"नवा आला नाही अजून. ठरलं की येईल."

त्याने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "पोरांना हा शिकवू नका." मग वाकून काठी उचलली, नकाशात नीट गुंडाळली, माझ्या हातात दिली आणि निघून गेला. ती काठी कसली हे त्याने शेवटपर्यंत विचारलं नाही.

किनाऱ्यावर कोणी नव्हतं. ह्यांनी पाण्यापासून जरा अलीकडे ओल्या वाळूचा छोटा उंचवटा केला, त्याच्यावर चेंडू ठेवला आणि मला म्हणाले, "तू बघत राहा. कुठे जातो ते नीट बघ." एकच चेंडू होता, हरवला तर खेळ संपला. मी एका उलट्या होडीला टेकून बसले. आता हे सांगायला हवं की माझ्या पिशवीत वाचनालयाचं पुस्तक होतं आणि ते त्याच दिवशी परत करायचं होतं. शेवटची बारा पानं उरली होती. ह्यांची तयारी फार वेळ चाले. पाय रोवायचे, हात टेकवायचे, पुन्हा पाय रोवायचे. उजाडायला लागलं होतं. मी पुस्तक उघडलं.

दोन पानं झाली असतील. एक आवाज झाला.

मी मान वर केली. चेंडू नव्हता. एक लाट नेहमीपेक्षा पुढे आली होती आणि उंचवट्यावरून फेस मागे सरकत होता. हे काठी खांद्यावर तशीच धरून उभे होते आणि माझ्याकडे बघत होते. असं तोंड मी त्यांचं आधी कधी बघितलं नव्हतं आणि पुढेही फारसं बघितलं नाही.

"हाताला काही कळलं नाही," ते म्हणाले. "काहीच कळलं नाही गं. तू पाहिलंस ना?"

मी पुस्तक पदराखाली घेतलं आणि मान हलवली. हो.

"कुठे गेला?"

मी हाताने दाखवलं. सरळ. होड्यांच्या वरून. आत, खूप आत.

चाळीत ती बातमी तासाभरात पोचली. मामांनी आम्हा दोघांना जिन्यावर उभं केलं आणि उलटतपासणी घेतली. "चेंडू कुठाय?" समुद्रात. "पाणी किती लांब होतं?" जवळच. "लाट आली होती?" मी खरं सांगितलं, आली होती.

"मग झालं तर," मामा म्हणाले. "जॉबरचा फटका हुकला. हुकल्यावर हाताला काय कळणार? चेंडू लाटेने नेला."

"हिने बघितलाय," हे म्हणाले. "विचारा हिला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी शिक्षिका, खोटं बोलणार नाही अशी चाळीची खात्री. मी सांगितलं की चेंडू दोन होड्यांच्या वरून गेला. पुढच्या गणपतीत पुन्हा विषय निघाला तेव्हा होड्या चार झाल्या. एका लग्नात मी त्यात एक बगळा घातला, तो दचकून उडाला असं. प्रत्येक वेळी हे माझ्या ओठांकडे बघत राहत, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे. मला वाटे, हे काय, स्वतःच मारला आणि माझ्याकडून ऐकतात.

मुंबईसह महाराष्ट्र झाला त्या दिवशी मामा पेढ्यांचा पुडा घेऊन वर आले. सासूबाईंना पेढा दिला, मला दिला. ह्यांच्यासमोर मात्र पेढा हातात धरून उभे राहिले आणि प्रत्येक शब्द वेगळा करून, ओठ हलवत म्हणाले, "मुंबई मिळाली. चेंडू?"

ही चेष्टा मामा गेले तोवर चालली. नंतर चाळ सुटली, गिरणी बंद पडली. ह्यांना उजव्या कानानेही ऐकू येईना, तेव्हापासून आम्ही शाळेच्या पाटीवर लिहून बोलत असू. मी लिहायची, ते तोंडाने उत्तर द्यायचे. शेवटच्या आजारपणात, एका दुपारी, ते अचानक म्हणाले, "एक विचारू? तो चेंडू खरंच लागला होता का?"

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"माझे डोळे मिटलेले होते," ते म्हणाले. "सवयच ना. ऐकू येत नव्हतं. हाताला काही कळलं नाही. उघडून बघतो तर लाट. मामा म्हणतात तेच खरं असेल, असं मला सारखं वाटायचं. पण तू बघितलं होतंस. म्हणून मी निर्धास्त होतो."

मी पाटी घेतली.  मग लिहिलं: मी पुस्तक वाचत होते. पाहिलं नाही.

त्यांनी दोनदा वाचलं. "बगळा?"

मी मान हलवली. नव्हता.

"चार होड्या?"

मी पाटी पुसली आणि घाईघाईने लिहिलं: पण ऐकलं. आवाज झाला होता.

ते उठून बसायला बघू लागले. "कसा आवाज?"

मी लिहिलं: टक्. लिहून झाल्यावर ते चुकीचं वाटलं. पुसलं. खट्? तेही नाही. इतकी वर्षं मुलांना निबंध शिकवले आणि मला तो आवाज लिहिता येईना. मग त्यांनीच तळहात पलंगाच्या फळीवर टेकला आणि डोळे मिटले. मला समजलं. मी वाटी घेऊन फळीवर आपटली. "सैल आहे," ते म्हणाले. लाटणं मारलं. "जड आहे. लाकडावर लाकूड वाजतंय." उलथनं, पाटीची कड, खलबत्त्याचा दगड. प्रत्येक वेळी डोळे मिटून मान हलवत, साच्यापुढे उभे असल्यासारखे.

शेवटी सासूबाईंचा अडकित्ता आठवला. डब्याच्या तळाशी जुन्या, दगडासारख्या झालेल्या सुपाऱ्या पडल्या होत्या. ह्यांचा हात माझ्या मुठीवर ठेवला, सुपारी पात्यात धरली आणि जोराने दाबली. ती एकदम फुटली. तोच आवाज. कोरडा, छोटा, मागे काही न ठेवणारा. मीच दचकले.

"पुन्हा," ते म्हणाले.

मी दुसरी फोडली.

"हां," ते म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. "बसला."

त्या दुपारी त्यांनी माझ्याकडून सात सुपाऱ्या फोडून घेतल्या. घरात सुपारी खाणारं कोणी नव्हतं. ती खांडं अजून डब्यात आहेत. मामा असते तर म्हणाले असते, सुपारीचा कसला पुरावा, चेंडू दाखव.