तारोडीची फिलूबाय आणि होरमसजींची सुरई

भाईंदरजवळच्या तारोडीच्या फिलूबायचा गुरुवार दोन कामांत जायचा. सकाळी टोपलीभर मासळी घेऊन मुंबईला जायचं, बाजारात बसून ती विकायची. दुपारी लिंबाच्या सालीने कोपरापर्यंत हात घासायचे आणि क्रॉफर्ड मार्केटमागच्या अब्बासभाईंच्या काचसामानाच्या दुकानात शिरायचं. तिथे तिच्यापुढे पेले मांडले जात, आणि खरा बिलोर, म्हणजे पैलू पाडलेली उंची काच कुठली, नकली कुठली, ते ती सांगायची.

ही विद्या तिने लग्नाआधी कमावली होती. पंधराव्या वर्षी ती मलबार हिलवरच्या एका बंगल्यात कामाला लागली. नऊ वर्षं तिच्याकडे मेजवानीचे पेले धुण्याचं काम होतं. दोन फुटले, तेही मांजरामुळे. ती काच तिच्या बोटांना पाठ झाली. खरा बिलोर उचलला की वाटतो त्याहून जड लागतो, आणि गार. त्याचे पैलू चाकावर कापलेले, म्हणून कडा बोटाला लागतात. नकली मालाच्या कडा चोखलेल्या खडीसाखरेसारख्या गुळगुळीत, आणि बाजूने साच्याची बारीक शिवण. सगळ्यात शेवटी नखाने टिचकी मारायची. बिलोर गातो, साधी काच ‘टक्’ करून गप्प बसते.

लढाई सुरू झाली, बेल्जियमचा माल यायचा बंद झाला, आणि बाजारात ‘बेल्जियमचे’ पेले मात्र वाढले. अब्बासभाईंनीही असं एक खोकं घेतलं होतं. त्यांच्या दारात पापलेट विकता विकता फिलूने त्यातला एक पेला उचलला आणि म्हणाली, “भाई, याला शिवण हाय.” तेव्हापासून गुरुवार ठरला.

१९४३ साली होरमसजी नावाचे एक पारशी शेठ दुकानात आले. आईची काचेची सुरई त्यांनी रेशमी रुमालात गुंडाळून आणली होती. फिलू पुढे झाली, तसा त्यांनी तोच रुमाल नाकाला लावला.

“अब्बासभाई, ही मच्छीवाली माझी सुरई तपासणार? बाई, हात नको लावूस. दुरूनच सांग.”

फिलूचे कान तापले. तिने एक बोट लांब करून टिचकी मारली. आवाज आला ‘थप्’.

“साधी काच हाय,” ती म्हणाली. खरं सांगायचं तर, म्हणताना तिला थोडं बरंही वाटलं. होरमसजींचा चेहरा पडला. सुरई काखेत मारून ते निघून गेले.

रविवारी चर्चमध्ये मिसा झाल्यावर ती नवऱ्याबरोबर, मोझेसबरोबर, भाईंदरच्या बाजारात पाण्याचं मडकं घ्यायला गेली. एक मडकं वाजवून तिने बाजूला सारलं. “माती कच्ची हाय.”

कुंभारीण उसळली. “माती कशाला कच्ची? तडा गेलाय त्याला. नुसत्या आवाजावर मातीला नावं ठेवू नको, बाय. आधी हात फिरव.”

फिलू मडकं धरून तशीच उभी राहिली.

“काय झालं गो?” मोझेसने विचारलं.

“मी हात फिरवला न्हाय,” ती म्हणाली. मोझेसला काही कळेना, म्हणून मडकं त्यानेच निवडलं.

पुढच्या गुरुवारी तिने अब्बासभाईंना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. “अरे बाय, गिऱ्हाईकाच्या घरी जाऊन ‘मी चुकले’ कोण सांगतं? दुकानाची अब्रू जाईल.”

“जाईल ती माझी जाईल. तुमी पत्ता द्या.”

त्यांनी पत्ता दिला. मग ती काय बोलेल या धास्तीने स्वतःच टोपी घालून तिच्यासोबत निघाले.

होरमसजींच्या घरी सुरई स्वयंपाकघरात फळीवर होती, गळ्यापर्यंत सिरक्याने, म्हणजे व्हिनेगरने भरलेली.

“शेट,” फिलू उंबऱ्यातूनच म्हणाली, “त्या दिवशी तुमी रुमाल लावला, मला राग आला. त्या रागात मी बोलून गेले. आज हात लावू द्या.”

 होरमसजींनी स्वतः सिरका पातेल्यात ओतला, सुरई धुतली, पुसली आणि तिच्या हातात दिली. जड होती. गार होती. पैलूंच्या कडा बोटाला लागल्या. फिलूने मानेभोवती हळूहळू बोट फिरवलं आणि बुचाच्या जागेखाली थांबली. तिने होरमसजींचं बोट धरून तिथे टेकवलं. केसाएवढा तडा होता.

“खरी हाय, शेट. हिला लागलंय, म्हणून गात न्हाय.”

 होरमसजींनी आतल्या खोलीकडे तोंड करून बायकोला हाक मारली, “धनमाय! आठवडाभर तुझा सिरका बिलोरात मुरतोय!” आणि ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्यांनी फिलूला जेवणाच्या टेबलाशी खुर्चीवर बसवलं, पुदिन्याचा चहा दिला. अब्बासभाईंच्या जिवात जीव आला.

“टोपलीत पापलेट आहे का?” होरमसजींनी विचारलं.

“संपलं. पुढच्या गुरुवारी आणते.”

तिने आणलंही. होरमसजींनी आपल्या चार नातेवाइकांना दुकानात धाडलं. कुणी गिऱ्हाईक नाक मुरडू लागलं, की आता अब्बासभाईच म्हणायचे, “बायच्या हातात द्यायचं नसेल, तर माल परत न्या.”

सत्तेचाळीस साली साहेबलोक घरं आवरून निघाले, तेव्हा दुकानात एवढा माल आला की फिलूबायला दोन महिने बाजारात बसताच आलं नाही. मग मोझेसने टोपली उचलली आणि बायकांच्या रांगेत बसून पापलेट विकलं. त्याला भाव करता येईना. शेजारच्या बायका त्याच्यासाठी भांडायच्या, आणि तो लाजून नुसता मासळीवर पाणी शिंपडत बसायचा.