चाकांखालची लिंबं

नोकरीतली बरीच प्रकरणं मी आता विसरलो आहे, पण एका गोठ्यातून नाहीशी झालेली रेसची गाडी काही केल्या डोक्यातून जात नाही. खून नव्हता की दरोडा नव्हता. वरिष्ठांच्या लेखी ती किरकोळ चोरी होती. तरीही आठवण निघाली की माझं तोंड कडू होतं.

आधी माझ्याविषयी थोडं सांगतो. वडील द हेगमधल्या एका वकिलातीत नोकरीला होते. त्यामुळे मी शाळकरी वयात पुण्याहून नेदरलँड्सला आलो आणि पुढे इथल्याच पोलिसात भरती झालो. फेल्डहोवनच्या ठाण्यात मराठी बोलणारा मी एकटाच. दोन हजार चार-पाचच्या सुमारास पुण्या-मुंबईकडची इंजिनिअर मंडळी तिथे भराभर येऊ लागली. सायकल चोरीला गेली, शेजारी भांडला, नगरपालिकेचं पत्र कळलं नाही, की फोन मला. "काका, तुम्ही आपले आहात," हे प्रत्येकाचं पहिलं वाक्य. तेव्हा मला ते ऐकून बरं वाटायचं.

या प्रकरणातला तक्रारदार असाच एक तिशीतला इंजिनिअर होता. हुशार, बोलका, मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात पुढे. त्यानं जाहिरात बघून एक जुनी रेसची गाडी विकत घेतली. सत्तरच्या दशकातली, एकच माणूस बसेल अशी, चाकं उघडी, इंजिन बंद, रंग उडालेला. दोन महिन्यांच्या घरभाड्यात मिळाली म्हणून स्वारी खूश. इतकी स्वस्त का, हे त्यानं विचारलं नाही. गावाबाहेर एका शेतकऱ्याचा जुना गोठा भाड्यानं घेतला आणि शनिवार-रविवार हातोडा-पाने घेऊन तिथेच मुक्काम ठोकला.

गोठ्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात एक मेकॅनिक आपली हत्यारं ठेवायचा. मोरोक्कन आईबापांचा, पण जन्म इथलाच. तरुणपणी गाड्या चोरण्याच्या गुन्ह्यात त्याला शिक्षा झाली होती. आता सशर्त सुटकेवर बाहेर होता आणि एका गॅरेजात नोकरी करत होता. एखादा नवा गुन्हा नावावर लागला असता तर सरळ तुरुंग. जुन्या इंजिनाचं त्याला वेड, म्हणून तो या इंजिनिअरला फुकट मदत करू लागला. दोघांची चांगली गट्टी जमली.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. तक्रारदाराची आई खास त्यासाठी पुण्याहून आली होती. हार, नारळ, हळदकुंकू आणि चारही चाकांपुढे लिंबं. तिनं सगळ्यांना बजावलं, "गाडी स्वतःच्या इंजिनावर हलेल तेव्हाच लिंबं चिरडायची. तोवर कुणी हात लावायचा नाही." पूजेला मीही होतो. मंडळाची चाळीसेक माणसं होती. मेकॅनिकला मात्र बोलावणं नव्हतं. पुढच्या शनिवारी गाडी पहिल्यांदा चालणार, सगळ्यांनी यायचं, असं जाहीर करून तक्रारदारानं पेढे वाटले.

त्या शनिवारच्या आदल्या दिवशी सकाळी त्यानं ठाण्यात येऊन तक्रार दिली. गोठा उघडला तर गाडी नाही. आपण कशालाही हात लावला नाही, असं त्यानं जबाबात लिहून दिलं. मी एका सहकाऱ्याला घेऊन पंचनामा केला. कुलूप शाबूत होतं. किल्ल्या तीन: एक शेतकऱ्याकडे, एक तक्रारदाराकडे, एक मेकॅनिककडे. शेतकरी तो आठवडाभर लेकीकडे हार्लेमला गेलेला. जमिनीवर चाकांच्या खुणा, फळीवर पूजेचं ताट. सहकाऱ्यानं ताटाचा फोटो काढला आणि ही फळं कशाला म्हणून मला विचारलं. मी सांगितलं, आमच्याकडे नव्या गाडीला लागतात. विषय तिथेच संपला.

संध्याकाळी घरी फोन आला. तक्रारदारच होता. "काका, ऑफिशियली नाही सांगत आहे, पण त्या मेकॅनिकला एकदा चेक करा ना. त्याच्याकडे की आहे, आणि त्याचं बॅकग्राउंड तुम्हाला माहितीच आहे. मला उगाच कुणाचं नाव घ्यायचं नाहीये. तुम्ही आपले आहात म्हणून सांगतोय."

माहिती आली की नोंदवायची आणि तपासायची, हा नियम. मी नोंदवली. किल्ली, जुनी शिक्षा आणि खबर, एवढं सरकारी वकिलाला पुरेसं होतं. दुसऱ्या दिवशी गॅरेजातून, मालकाच्या आणि गिऱ्हाइकांच्या देखत, मेकॅनिकला आम्ही ताब्यात घेतलं.

चौकशीत त्याचा आवाज एकदाही चढला नाही. गाडी नेली नाही, एवढंच म्हणाला. शेवटचा गोठ्यात कधी गेला होतास? बुधवारी. कशासाठी? गाडी तपासायला. काय तपासलंस? यावर तो गप्प. पुन्हा विचारलं तर म्हणाला, "ते मालकाला विचारा. मी सांगणार नाही."

गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतो, एवढं प्रत्येक पोलिसाला कळतं. काय लपवतो आणि कुणासाठी, हे कळायला वेळ लागतो. त्याचा मुक्काम कोठडीत वाढला. गॅरेजच्या मालकानं तेवढ्यात दुसरा माणूस ठेवून घेतला.

पुरवणी जबाबावर सही घ्यायला मी तक्रारदाराच्या घरी गेलो. तो कामावर होता. आईनं बसवून घेतलं, पोहे पुढे ठेवले आणि बोलत राहिली. मुलगा जेवत नाही, झोपत नाही, गाडीचं नाव काढलं की चिडतो. मग सहज म्हणाली, "एक मात्र आहे हं भाऊ. चोर चांगल्या घरचा दिसतो."

"ते कसं काय?"

"अहो, मी गेले होते ना गोठ्यात, ताट आणायला. चारही लिंबं उचलून ताटात ठेवलेली! एक चिरडलं नाही मेल्यानं. चोरी करताना एवढं कोण बघतं?"

पंचनाम्याच्या वेळी ताटातली ती फळं मीही पाहिली होती. पूजा झाली तेव्हा ती लिंबं चाकांपुढे होती. परक्यानं गाडी त्यांच्यावरून नेली असती, नाहीतर पायानं बाजूला सारली असती. देवाच्या ताटात नेऊन ठेवायला ती कशासाठी ठेवली होती हे माहीत असावं लागतं, आणि ठेवणाऱ्या बाईचा शब्द मोडू नये असं वाटावं लागतं. मेकॅनिक तर पूजेला नव्हताच.

मी ठाण्यात परत आलो आणि आसपासच्या गाड्या मोडणाऱ्या भंगारवाल्यांना फोन लावत बसलो. एकाला लगेच आठवलं. चष्मा लावणारा, फार सभ्य भारतीय गृहस्थ. ट्रेलर घेऊन बोलावलं होतं, पैसे घेतले नाहीत. एकच अट घातली, गाडी आजच्या आज दाबून टाका.

तक्रारदाराला बोलावून समोर बसवलं. तो सुरुवातीला मराठीत गप्पाच मारू लागला. मी विचारलं, "लिंबं कुणी उचलली?"

"कसली लिंबं, काका? मी ते सगळं मानत नाही."

"मग चिरडली का नाहीस?"

"आईनं ठेवली होती," तो म्हणाला. "त्यांच्यावरून गाडी ढकलवेना."

मग सगळं बाहेर आलं. बुधवारी मेकॅनिकनं गाडीखाली शिरून पाहिलं, तर ज्या सांगाड्यावर गाडी उभी असते त्यालाच आरपार भेग. विकणाऱ्यानं वरून रंग फासून ती झाकली होती. गाडी कधीच चालण्यासारखी नव्हती. आणि शनिवारी चाळीस माणसं येणार होती. ऑफिसातले साहेब येणार होते. आपण फसलो हे त्या सगळ्यांसमोर कबूल करण्यापेक्षा गाडी चोरीला जाणं त्याला सोपं वाटलं.

"आणि त्याचं नाव का घेतलंस?"

"भेगेचं त्यालाच माहिती होतं, काका. तो कुठेतरी बोलला असता. आणि त्याचं रेकॉर्ड होतंच ना. त्याला काय, सवय असेल." मग खुर्ची पुढे ओढून, आवाज खाली आणून म्हणाला, "माझ्या परमिटचं काय होईल? हे ऑफिशियली करायलाच हवं का? तुम्ही आपले आहात."

मला त्याची शिसारी आली. मी सहकाऱ्याला आत बोलावलं, रेकॉर्डर सुरू केला आणि पुढचा प्रत्येक प्रश्न डच भाषेत विचारला.

खोट्या तक्रारीबद्दल त्याला दंड झाला. परमिट शाबूत राहिलं, नोकरीही राहिली. मंडळात त्यानं काय सांगितलं कुणास ठाऊक, पण पुढच्या गणपतीला मला बोलावणं आलं नाही. त्याची आई पुण्याला परत गेली. तिला खरं कळलं की नाही, हे मला माहीत नाही.

मेकॅनिकला सोडताना कागदांवर सह्या घ्यायला मीच गेलो. त्यानं पहिल्यांदा विचारलं, "गाडी सापडली?"

"भंगारात. दाबून टाकली."

"मग आता सांगायला हरकत नाही," तो म्हणाला. "सांगाडा तुटलेला होता. मी बुधवारी बघितलं."

"हे आधी का नाही सांगितलंस? त्याच दिवशी सुटला असतास!"

"त्यानं सांगू नको म्हटलं होतं. त्याची आई एवढ्या लांबून आली होती त्या गाडीसाठी." त्यानं सही केली. "माझं नाव तुमच्या कॉम्प्युटरमध्ये होतं, म्हणून मला उचललं ना?"

खोटं बोलता आलं असतं. पण तपासाचे कागद त्याला मिळणारच होते. मी म्हणालो, "नाही. नाव त्यानंच दिलं."

त्यानं विचारलं, "तुमच्या भाषेत?"

मी हो म्हणालो. त्यानं जाकीट उचललं आणि गेला. जाऊन कुठे कामावर लागायचं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

त्यानंतर कुणी घरी फोन करून मराठीत नाव सांगू लागलं की मी म्हणायचो, ठाण्यात या आणि रेकॉर्डरपुढे डच भाषेत सांगा. काका बदलले, अशी कुजबुज झाली. होऊ दे. या प्रकरणानं मला काय शिकवलं असं कुणी विचारलं, तर एवढंच सांगेन. त्या आठवड्यात आपला म्हणावा असा एकच माणूस माझ्यासमोर बसला होता, आणि त्याला मी कोठडीत ठेवलं होतं.