डाव्या हाताची चरखी

आठ महिन्यांत बाबांनी पहिल्यांदाच काही मागितलं, आणि ते आणून द्यायची मला भीती वाटली.

"देवास गेटला त्या बोहऱ्याच्या दुकानात जा," ते म्हणाले. शब्द अजून जड यायचे, तोंडाच्या एका कोपऱ्यातून. "गळाची चरखी मिळते का बघ. डाव्या हाताची."

बाबा ओव्हरसियर होते. संस्थानात नोकरीला लागले आणि मध्यभारतात निवृत्त झाले. उज्जैनच्या आसपासचा एकेक तलाव, एकेक बंधारा त्यांनी पायी फिरून मोजलेला होता. तपासणीला निघाले की सायकलच्या दांडीला मासे धरायची काठी बांधलेली असायची. आम्ही मासे खाणारे लोक. पण ज्या गावात रामघाटावर माणसं माशांना कणकेच्या गोळ्या घालून हात जोडतात, तिथे ही गोष्ट चारचौघांत बोलायची नसते. काठी नेहमी जुन्या धोतरात गुंडाळूनच घराबाहेर पडायची.

मग एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून वस्तरा गळून पडला. उजवं अंग गेलं. चार-पाच महिन्यांनी पाय ओढत ओढत चालता येऊ लागलं. उजव्या हाताची मूठ मिटायची, पण एकदा मिटली की लवकर उघडायची नाही, आणि बोटं वेगवेगळी हलायची नाहीत. दिवसभर ते खिडकीपाशी खुर्चीत बसून राहायचे. विचारलं तर हो किंवा नाही.

त्याच सुमारास मध्यभारत मोडून नवा मध्यप्रदेश होणार हे पक्कं झालं. कचेऱ्या भोपाळला जाणार. माझ्या धाकट्या भावाचं नाव बदलीच्या यादीत आलं. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, आमच्याही याद्या निघणार अशी बोलवा होती. आई कधीच गेली होती, माझं लग्न झालेलं नव्हतं. घरात दुसरा विषयच नसायचा.

एका दुपारी भाऊ जेवता जेवता वहिनीला म्हणाला, "एका खोलीचं क्वार्टर मिळेल म्हणतात. बाबांना तिथे न्यायचं कसं? आणि इकडे ताईची बदली झाली तर मग ठेवायचं कुठे?"

तो वाईट नव्हता, घाबरलेला होता. मीही घाबरलेलीच होते, म्हणून तर गप्प राहिले. मधलं दार उघडं होतं. मी वळून पाहिलं, तर बाबांची मान आमच्याकडे वळलेली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं मनगटी घड्याळ भावाला देऊन टाकलं. "मला आता वेळ काय करायचाय," म्हणाले. त्यानंतर मोजणीचा चामडी डबीतला फीता शेजाऱ्यांना दिला. आईची पत्रं त्यांच्या ट्रंकेत तळाशी असायची. ती माझ्या हातात ठेवून म्हणाले, "तुझ्याकडे असू देत." पाचव्या दिवशी चरखी मागितली.

चरखी आली की तलाव आलाच, आणि काठावर एकट्याने बसणंही आलं. मला झोप लागेना.

मी डॉक्टरांकडे गेले. जे तोंडाने उच्चारायची भीती वाटत होती तेही सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाले, "नाही म्हटलंत तर घरात बसल्या बसल्या तेच डोक्यात घोळत राहील. आणून द्या. पण नजरेआड करू नका."

बोहऱ्याचं दुकान बस स्टँडच्या पुढे होतं. घड्याळं, स्टोव्ह, बंदुका, काय वाट्टेल ते तो दुरुस्त करायचा. महूच्या छावणीतले गोरे अफसर सामान टाकून गेले, त्यातलं बरंच फिरत फिरत त्याच्याकडे आलं होतं. बाई माणूस गळाची चरखी मागतेय म्हटल्यावर बाकावर बसलेली दोन गिऱ्हाइकं माझ्याकडे बघू लागली. दुकानदाराने मात्र काही विचारलं नाही. बाबांना तो ओळखत होता, त्यांच्या आजाराचंही त्याने ऐकलं होतं.

"बहनजी, किस्मत देखो," तो म्हणाला. "चरखी सब सीधे हाथ की आती है. पर एक साहब खब्बा था. उसकी दो पड़ी हैं."

त्याने दोन्ही काउंटरवर ठेवल्या. लोखंडी चौकटीत आडवं रीळ, त्याच्यावर दोरा गुंडाळायचा, आणि फिरवायची मूठ डाव्या बाजूला. बाबांनी मला समजावून पाठवलं होतं. डाव्या हाताने काठी झोकायची, तेव्हा अंगठा रिळावर हवा. मग काठी उजव्या मुठीत रोवायची, आणि डाव्याने मूठ फिरवत दोरा ओढून घ्यायचा.

मी उजवा हात पदराखाली घेतला आणि नुसत्या डाव्याने दोन्ही चालवून पाहू लागले. एका गिऱ्हाइकाने दुसऱ्याला कोपर मारलेलं मला दिसलं. दिसू दे म्हटलं.

पहिली नवी कोरी वाटत होती. मुठीला नुसतं बोट टेकवलं तरी फिरायची, आणि आवाज म्हणून नाही.

"ये मक्खन है," दुकानदार म्हणाला. "बस, अंगूठा चूका तो धागा उलझेगा."

दुसरी जुनी आणि जड होती. फिरवली की कट कट कट असा मोठा आवाज व्हायचा. मासा दोरा ओढू लागला की कळावं म्हणून असा आवाज ठेवलेला असतो, एरवी खटका सरकवून तो बंद करता येतो. हिचा खटका गंजून बसला होता.

"ये बंद नहीं होगी," तो म्हणाला. "सिर खा जाएगी. और धागा इसमें भी उलझेगा. बाबूजी तो जानकार हैं, पहली वाली ले जाओ."

मी दोन्ही परत एकदा फिरवल्या. मी तलावावर कुठे बसेन, बाबा कुठे बसतील, मधे किती अंतर असेल, हे सगळं मनात येत होतं. बाबा मला जवळ बसू देणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"दुसरीच द्या," मी म्हणाले. हिंदीत बोलायचंही भान राहिलं नाही.

बाबांनी ती मांडीवर घेतली, उलटीसुलटी करून पाहिली, फिरवली. कट कट कट. त्यांनी माझ्याकडे बघितलं. पुढचे आठ दिवस ते काठी घेऊन अंगणात बसायचे आणि दोऱ्याला शिशाचा तुकडा बांधून तुळशीकट्ट्याच्या दिशेने फेकायचे. अंगठा चुकायचा, दोऱ्याचा गुंता व्हायचा. भाऊ खूश झाला. "बाबा सावरले गं," म्हणाला. मी त्याला काही सांगितलं नाही. सांगितलं तर ते खरं होईल असं वाटायचं.

रविवारी सकाळी ओळखीचा टांगा केला आणि आम्ही मक्सी रस्त्याकडच्या तलावावर गेलो. टांगेवाल्याने बाबांना धरून पाळीवर, तलावाच्या मातीच्या बांधावर नेलं, दगडावर बसवलं, काठी हातात दिली, आणि तो घोड्याला चारायला घेऊन गेला. मी मागे उभी राहिले.

"मागे उभी राहू नकोस," बाबा म्हणाले. "मी काही सर्कशीतलं अस्वल नाही. तिकडे बाभळीखाली जाऊन बस. वह्या आणल्यायस ना तपासायला?"

बाभूळ साठ-सत्तर पावलांवर होती, आणि मधे पाळीचा उंचवटा. तिथून बाबांची फक्त टोपी दिसायची, वाकले की तीही नाही. मी लाल पेन्सिल घेतली आणि वही उघडली. एकही ओळ वाचली नसेल. कान तिकडे होते. गळ फेकला की कर्रर्र असा लांब आवाज, मग थोडी शांतता, मग गुंडाळताना कट कट कट. मी शांततेत आकडे मोजायचे. पन्नासपर्यंत, साठपर्यंत. आवाज आला की श्वास सोडायचे. चार-पाच वेळा असं झालं.

मग कर्रर्र झालं आणि अर्ध्यात तुटल्यासारखं थांबलं.

मी शंभरपर्यंत मोजलं. टोपी दिसत नव्हती. दोनशेपर्यंत मोजायचं ठरवलं होतं, पण एकशेतीसला उठले. वह्या मांडीवरून पडल्या. पळताना साडीत पाय अडकला, गुडघ्यावर आपटले, उठले. उंचवट्यावर चढेपर्यंत मला खात्री झाली होती की पलीकडे नुसतं पाणी असणार.

बाबा होते. दगडावर नव्हते, खाली अगदी पाण्याला टेकून बसले होते. दोन्ही पाय पोटरीपर्यंत पाण्यात. चपला काढून मागे नीट एकाशेजारी एक ठेवलेल्या. कोट घडी करून त्यावर टोपी. मांडीवर चरखी, आणि तिच्यावर दोऱ्याचा हा एवढा गुंता. डाव्या हाताच्या बोटांनी ते त्यातला एक फास सोडवत होते. दुसरं टोक दातांत धरलं होतं.

मी त्यांचा दंड धरला. इतक्या जोरात धरला की नंतर तिथे वळ उठले.

त्यांनी दातांतला दोरा काढला. "ओरडू नकोस. पलीकडे माणसं गुरं धुतायत."

"मी ओरडले नाही."

"मग रडू नकोस."

मी त्यांच्याशेजारी चिखलात बसले. चपलांकडे बघितलं, कोटाच्या घडीकडे बघितलं, आणि जे डॉक्टरांना सांगितलं होतं ते त्यांनाच विचारलं.

"बाबा, तुम्ही मासे धरायला आलात ना?"

त्यांनी दोऱ्याचा आणखी एक फास सोडवला. मग म्हणाले, "नाही."

मला वाटलं होतं, हे ऐकलं तर मी मोडून पडेन. तसं झालं नाही. उलट त्यांच्या दंडावरची माझी पकड थोडी सैल झाली.

"तुझा भाऊ म्हणाला ते काही चुकीचं नव्हतं," बाबा म्हणाले. "कुठे ठेवायचं मला. मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो, बंधाऱ्याला तडा गेला की ठिगळं लावू नका, पाडून टाका. म्हटलं एकदा चांगला गळ टाकावा आणि मग..." ते थांबले. "शेवटचा टाकला तो असा गुंतला. उठलो. मग वाटलं, तू चारचौघांत जाऊन आणलीयस, असा गुंता ठेवून कसं जायचं. सोडवायला बसलो. एका हाताने सुटतोय कुठे."

मी त्यांच्या मांडीवरच्या चरखीकडे बघितलं.

"ही का घेतलीस?" त्यांनी विचारलं. "त्या बोहऱ्याकडे दुसरी होती. चांगली. मला माहितेय."

"आवाजासाठी," मी म्हणाले. "मला ऐकू यावं म्हणून."

त्यांनी मान खाली घातली. त्यांचा डावा खांदा हलू लागला तेव्हा मला कळलं की ते रडतायत. बाबांना रडताना मी आईच्या वेळीही पाहिलं नव्हतं. मी हात सोडला नाही.

थोड्या वेळाने मी म्हणाले, "शपथ घ्या. माझ्या गळ्याची."

"शपथ नाही घेणार," ते म्हणाले. "खोटी ठरली तर? पण बेटा, पुन्हा तसं वाटलं तर आधी तुला सांगेन. एवढं करीन."

"रात्री-अपरात्रीसुद्धा?"

"केव्हाही."

"आणि मी शाळेत असले तर?"

"येईन शाळेत." मग नाक पुसून म्हणाले, "आता ते टोक धर. ओढू नकोस, नुसतं धर."

तो गुंता सोडवायला आम्हा दोघांना तीन हातांनी दुपार झाली. टांगेवाला येऊन मागे उभा राहिला आणि म्हणाला, "काट दो न, बाबूजी." बाबा म्हणाले, "काटेंगे नहीं." त्या दिवशी मासा मिळाला नाही.

संध्याकाळी मी भावाला गच्चीवर नेऊन सगळं सांगितलं. तो कठड्याला टेकून खालीच बसला. मग आत जाऊन बाबांच्या पायांशी बसला आणि घड्याळ काढून त्यांच्या डाव्या मनगटावर बांधू लागला. पट्टा लागेना. शेवटी वहिनीने बांधला.

भाऊ भोपाळला गेला, जावंच लागलं. माझी बदली झाली नाही, पण ती वर्षभर टांगणीला होती, आणि डाकवाला दारात आला की मी दगड व्हायचे. आम्ही बाईमाणूस आणि आजारी म्हातारा, दोघंच राहिलो. रविवारी तलावावर जायचो. मी बाभळीखाली न बसता त्यांच्याजवळच बसायचे आणि ते काही म्हणायचे नाहीत. महिनाभराने पहिला रोहू लागला. घरमालक पंडित, त्यांच्या घरात मासा शिजवायची सोय नव्हती. तो टांगेवाल्याच्या घरी शिजला आणि आम्ही त्याच्या ओसरीवर बसून खाल्ला.

बाबा पुढे पाच वर्षं जगले. दुसरा झटका आला तेव्हा हिवाळा होता, तीन दिवसांत गेले, अंथरुणात, माझ्यादेखत. माझी भीती कधी गेली का, असं कोणी विचारलं तर नाही असंच सांगावं लागेल. मोरीचं दार जरा जास्त वेळ बंद राहिलं तरी मी कडी वाजवायचे. मात्र आधी त्या भीतीत मी एकटी होते, नंतर आम्ही दोघं होतो.

पाच वर्षांत त्यांनी तीनदा शब्द पाळला. दोनदा घरातच, हाक मारून. तिसऱ्यांदा भर दुपारी ते टांगा करून शाळेच्या फाटकाशी आले. शिपाई वर्गात सांगत आला, "आपके पिताजी खड़े हैं." मी खडू टाकला आणि धावत खाली गेले. बाबा टांग्याला धरून उभे होते, चेहरा राखेसारखा.

"आज बरं वाटत नाहीये," ते म्हणाले. "सांगायचं ठरलं होतं."

मी आत जाऊन मुख्याध्यापिकांना घरी काम आहे म्हणून सांगितलं. मग आम्ही स्टेशनवर गेलो, कारण तिथे बसायला बाक होते आणि माणसांची वर्दळ होती. मी दोन कप चहा घेतला. त्यांचा कप मीच धरला. एक गाडी आली, गेली. दुसरी आली. बाबा उतरणाऱ्या लोकांकडे बघत होते. मधेच म्हणाले, "थोडी साखर कमी आहे." मी उठून साखर घेऊन आले.